आतड्यातले जिवाणू कर्करोगाची खबर वेळेत देऊ शकतील का?

ऑगस्ट २०२५मध्ये स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘सेल होस्ट अँड मायक्रोब’ या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि त्याची बातमी जगभर पसरली. शौचाच्या नमुन्यात कोणकोणते जिवाणू आहेत, एवढेच संगणकाला पाहू दिले, तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे सुमारे ९० टक्के रुग्ण ओळखता येतात, असे त्यांनी म्हटले होते. दुर्बिणीच्या तपासणीत, म्हणजे कोलोनोस्कोपीत, हेच प्रमाण ९४ टक्के असल्याचा दाखलाही त्यांनी सोबत दिला होता. बातमी वाचणाऱ्याच्या मनात साहजिकच प्रश्नांची रांग लागते. जिवाणूंमुळे कर्करोग होतो का? मग कोलोनोस्कोपीची गरज संपली का? आणि ही तपासणी आपल्याकडे केव्हा करून घेता येईल? या प्रश्नांची उत्तरे ‘हो’ किंवा ‘नाही’ अशी एका शब्दात देता येत नाहीत, परंतु ती समजायला अवघडही नाहीत. त्यासाठी हा आजार कसा वाढतो, इथपासून सुरुवात करावी लागेल.

हा आजार सवड देतो

मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांब असते आणि त्याच्या शेवटच्या भागाला गुदाशय म्हणतात. आतल्या अस्तराच्या पेशी अवघ्या काही दिवसांत झिजून गळतात आणि त्यांच्या जागी नव्या पेशी तयार होतात. पेशींची एवढी उलाढाल जिथे अखंड चालते, तिथे पेशीच्या विभाजनावर नियंत्रण ठेवणाऱ्या जनुकांमध्ये चुका होण्याची शक्यताही अधिक असते. एखाद्या पेशीत अशी पहिली चूक झाली की अस्तरावर एक लहानसा कोंब उगवतो. वैद्यकीय भाषेत त्याला पॉलिप म्हणतात, आणि ज्या प्रकारच्या पॉलिपचे पुढे कर्करोगात रूपांतर होऊ शकते, त्याला अडेनोमा म्हणतात. बहुतेक अडेनोमा आयुष्यभर निरुपद्रवीच राहतात. थोड्याच अडेनोमांमध्ये एकामागून एक चुका साचत जातात आणि शेवटी कर्करोग होतो. या प्रवासाला साधारणपणे दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. अमेरिकी शास्त्रज्ञ एरिक फिअरन आणि बर्ट व्होगेलस्टाइन यांनी १९९०मध्ये या पायऱ्यांची जी मांडणी केली, तीच आजही मूलभूत मानली जाते.

या दहा वर्षांतच सगळी संधी आहे. पॉलिप असतानाच तो दुर्बिणीतून कापून काढला, तर त्या जागी सहसा कर्करोग होत नाही. कर्करोग झाला, पण आतड्यापुरताच मर्यादित असताना सापडला, तर अमेरिकेतील आकडेवारीनुसार सुमारे ९० टक्के रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. तोच यकृतात किंवा फुप्फुसांत पसरल्यावर सापडला, तर हे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास येते. आणि तरीही २०२२मध्ये जगभरात या आजाराचे १९ लाखांहून अधिक नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९ लाख माणसे त्याने दगावली. जो आजार इतकी सवड देतो, त्याने एवढी माणसे जावीत, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते. त्यामागचे मोठे कारण असे की पहिली कित्येक वर्षे हा आजार काहीच जाणवू देत नाही, आणि ज्यांना काही जाणवत नाही ती माणसे तपासणीला जात नाहीत.

सध्या हाताशी काय आहे

कोलोनोस्कोपी ही सर्वांत भरवशाची तपासणी आहे, कारण डॉक्टर अस्तर प्रत्यक्ष पाहतात आणि पॉलिप दिसला तर तेव्हाच काढूनही टाकतात. पण त्यासाठी आदल्या दिवशी जुलाबाचे औषध घेऊन पोट पूर्ण साफ करावे लागते, प्रशिक्षित डॉक्टर आणि साधने लागतात, खर्च होतो, आणि संकोच असतो तो वेगळाच. स्पेनमध्ये ५० ते ६९ वर्षांच्या हजारो लोकांना बोलावून केलेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२५मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात कोलोनोस्कोपीचे आमंत्रण दिलेल्यांपैकी सुमारे ३२ टक्केच लोक आले. शौचाच्या साध्या तपासणीला सुमारे ४० टक्के लोक तयार झाले. म्हणजे तपासणी कितीही उत्तम असली, तरी लोक येणारच नसतील तर तिचा उपयोग तेवढाच.

ही शौचाची साधी तपासणी म्हणजे ‘फिट’. शौचात डोळ्यांना न दिसणारे रक्त आहे का, ते ती शोधते. मानवी रक्तातल्या ग्लोबिन या प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडे तिच्यात वापरतात, त्यामुळे आदल्या दिवशी मटण खाल्ले म्हणून निकाल बिघडत नाही. अडचण एवढीच की गाठ रोज रक्त सोडत नाही, आणि पॉलिप तर बहुधा रक्त सोडतच नाही. २०१४मध्ये अमेरिकेत ९,९८९ जणांवर झालेल्या एका अभ्यासात ६५ जणांना कर्करोग निघाला. त्यांपैकी ४८ जण ‘फिट’ने ओळखले. गाठीच्या पेशींमधून शौचात उतरणारा बिघडलेला डीएनए शोधणाऱ्या चाचणीने ६० जण ओळखले. मात्र कर्करोगाच्या उंबरठ्यावर असलेले मोठे पॉलिप ‘फिट’ला चारांतून एकाच्या आसपासच सापडले आणि डीएनए चाचणीलाही निम्म्यांहून कमी. हीच ती पोकळी, जी भरून काढायला जिवाणू उपयोगी पडतील का, असे संशोधक विचारत आहेत.

आतड्यातली वस्ती

आपल्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू राहतात, असा २०१६मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील संशोधकांनी केलेला अंदाज आहे. म्हणजे आपल्या स्वतःच्या पेशींहून ते थोडे अधिकच. त्यांतले बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात असतात. निरोगी आतड्यात अस्तर आणि जिवाणू यांच्यामध्ये बुळबुळीत स्रावाचा एक थर असतो, आणि त्याचा आतला भाग जवळजवळ जिवाणूविरहित असतो. अलीकडे पेशी आणि पलीकडे जिवाणू, अशी ही व्यवस्था आहे. भाज्या, डाळी, भरड धान्ये यांतला जो तंतुमय भाग आपल्याला पचत नाही, त्यावर हे जिवाणू जगतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचे आम्ल तयार करतात. अस्तराच्या पेशी आपली बरीचशी ऊर्जा याच ब्युटिरेटपासून मिळवतात. तेव्हा जिवाणू म्हणजे रोग, हे समीकरण इथे मुळातच लागू पडत नाही.

गाठ झालेल्या आतड्यात ही व्यवस्था विस्कटते. स्रावाचा थर पातळ होतो, जिवाणू पेशींना जाऊन भिडतात, गाठीतून झिरपणारे रक्त आणि मृत पेशी यांवर पोसणाऱ्या जाती वाढतात आणि ब्युटिरेट बनवणाऱ्या जाती कमी होतात. शौचाचा नमुना घेऊन त्यातला सगळा डीएनए वाचला आणि तो ज्ञात जिवाणूंच्या सूचीशी ताडून पाहिला, तर हा बदल आकड्यांत मोजता येतो.

संशय कोणाकोणावर आहे

या गोष्टीची सुरुवात डीएनए वाचनाच्या कितीतरी आधीची आहे. १९५१मध्ये हृदयाच्या झडपेला जिवाणूसंसर्ग झालेल्या एका रुग्णाच्या आतड्यात कर्करोग आढळल्याची नोंद दोन अमेरिकी डॉक्टरांनी केली होती. १९७७मध्ये न्यू यॉर्कमधील संशोधकांनी आतड्याचा कर्करोग असलेल्या ६३ रुग्णांचे शौच तपासले, तेव्हा ३५ जणांत स्ट्रेप्टोकोकस बोव्हिस हा जिवाणू निघाला. तुलनेसाठी घेतलेल्या १०५ जणांत तो फक्त ११ जणांत होता. या जिवाणूच्या ज्या उपप्रकाराचा कर्करोगाशी संबंध अधिक आढळतो, त्याला आज गॅलोलिटिकस म्हणतात. तो रक्तात सापडला की रुग्णाची कोलोनोस्कोपी करून घेण्याची पद्धत जगभरच्या रुग्णालयांत रूढ आहे. जिवाणूवरून कर्करोगाचा माग काढणे ही अशी गेल्या पन्नास वर्षांची वैद्यकीय व्यवहारातली गोष्ट आहे; नवीन आहे ती तिची व्याप्ती.

दुसरे नाव फ्यूजोबॅक्टेरियम न्यूक्लिएटमचे. हा मुळात तोंडातला रहिवासी, हिरड्यांच्या आजारात वाढणारा. २०११च्या अखेरीस कॅनडातील आणि अमेरिकेतील अशा दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले की आतड्याच्या गाठींमध्ये तो आजूबाजूच्या निरोगी भागापेक्षा कितीतरी अधिक असतो. पुढे असेही दिसले की त्याच्या पृष्ठभागावरचे एक प्रथिन पेशींना घट्ट धरते आणि त्यांची वाढ चेतवते. २०१७मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कर्करोग आतड्यातून यकृतात पसरला तेव्हा हा जिवाणूही त्याच्यासोबत तिथे पोचलेला आढळला. २०२४मध्ये सिॲटलच्या फ्रेड हच केंद्रातील संशोधकांनी आणखी बारकाई आणली. फ्यूजोबॅक्टेरियमच्या एका उपजातीतला एक विशिष्ट गटच गाठींमध्ये माजतो, त्यांनी तपासलेल्यांपैकी जवळपास निम्म्या गाठींत तो होता, आणि जठरातल्या आम्लातून तगून जाण्याची क्षमता त्याच्यात आहे, असे त्यांनी दाखवले. तोंडातून आतड्यापर्यंतचा प्रवास त्यामुळे शक्य होत असावा.

तिसरा आहे तो ई. कोलाय, पण त्याचे काहीच प्रकार. त्यांच्याकडे कोलिबॅक्टिन नावाचे विष बनवणारी जनुके असतात. हे विष २००६मध्ये फ्रान्समध्ये ओळखले गेले. नेदरलँड्समधील हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेने २०२०मध्ये मानवी आतड्याच्या पेशींचे सूक्ष्म गोळे वाढवून त्यांना पाच महिने या जिवाणूच्या सहवासात ठेवले, आणि पेशींच्या डीएनएवर त्याने केलेल्या खुणांचा ठरावीक नमुना शोधून काढला. एखाद्या हत्यारानेच व्हाव्यात अशा त्या जखमा होत्या आणि त्याच खुणा काही रुग्णांच्या गाठींतही सापडल्या. एप्रिल २०२५मध्ये कॅलिफोर्नियातील लुडमिल अलेक्झांड्रोव्ह यांच्या गटाने ११ देशांतील ९८१ रुग्णांच्या गाठींचा डीएनए तपासला. वयाच्या चाळिशीच्या आत कर्करोग झालेल्यांमध्ये कोलिबॅक्टिनच्या खुणा सत्तरीनंतर कर्करोग झालेल्यांच्या तुलनेत ३.३ पट अधिक होत्या. खुणांच्या क्रमावरून असे दिसते की हा आघात बालपणीच, पहिल्या दहा वर्षांत झाला असावा. तरुणांमध्ये हा आजार अनेक देशांत का वाढतो आहे, या कोड्याचा हा एक धागा असू शकतो.

जिवाणू कारण आहेत, की नुसती खूण?

इथेच बहुतेकांचा गोंधळ उडतो, म्हणून थोडे थांबून पाहू. निचरा बिघडलेल्या शेतात लव्हाळा माजतो. पाणी साचले हा दोष लव्हाळ्याचा नसतो, पण जाणता शेतकरी बांधावरून लव्हाळा पाहूनच ओळखतो की जमिनीखाली काहीतरी बिघडले आहे. पुढे हेच तण इतके वाढते की पाट तुंबतो आणि पाणी आणखी साचते. म्हणजे जे आधी नुसते लक्षण होते, ते नंतर दुखण्यात भर घालू लागते.

आतड्यातल्या जिवाणूंचे तीन प्रकारचे नाते कर्करोगाशी असू शकते, आणि तिन्ही एकाच आतड्यात नांदू शकतात. कोलिबॅक्टिन बनवणारा ई. कोलाय पेशीचा डीएनए थेट बिघडवतो, म्हणजे तो आरंभीच्या कारणांपैकी एक असू शकतो. फ्यूजोबॅक्टेरियम बहुधा नंतर येतो आणि आधीच उगवलेल्या गाठीला बळ देतो. आणखी कितीतरी जाती निव्वळ सोयीची जागा मिळाली म्हणून वस्तीला येतात.

आता निदानाच्या दृष्टीने याचा अर्थ काय? पहिला असा, की जिवाणू कारण नसला तरी खूण म्हणून तो तितकाच उपयोगी ठरू शकतो. ‘आधी कारण सिद्ध करा, मग तपासणीचे बोला’ हा आक्षेप त्यामुळे टिकत नाही. दुसरा अर्थ याच्या उलट बाजूचा आणि सहज निसटणारा आहे. ज्याने मूळ घाव घातला तो जिवाणू निदानाच्या वेळी तिथे असेलच असे नाही. बालपणी आघात करून गेलेला ई. कोलाय पन्नाशीत घेतलेल्या नमुन्यात सापडेलच असे नाही. तेव्हा शौचाची तपासणी ‘तुम्हाला पुढे कर्करोग होईल का’ याचे उत्तर देत नाही. ‘आत्ता आत काही वाढते आहे का’ एवढ्यापुरतेच ती बोलू शकते.

आणि खूण फसवीही असू शकते. बेल्जियममधील लवेन येथील यरून राएस यांच्या गटाने २०२४मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये ५८९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अन्न आतड्यातून किती वेगाने पुढे सरकते, आतड्यात दाह किती आहे आणि वजन किती आहे, या तीन गोष्टी हिशेबात धरल्यावर बहुचर्चित फ्यूजोबॅक्टेरियम न्यूक्लिएटमचा आजाराच्या टप्प्यांशी असलेला संबंध उरला नाही. मात्र पार्विमोनास मायक्रा, पेप्टोस्ट्रेप्टोकोकस ॲनॲरोबियस यांसारख्या काही जातींचा संबंध कायम राहिला. बद्धकोष्ठ असलेल्या निरोगी माणसाला संगणकाने रुग्ण ठरवू नये, म्हणून असे अभ्यास मला नव्या चाचणीच्या बातमीइतकेच मोलाचे वाटतात, जरी त्यांची बातमी होत नसली तरी.

उपजातीपर्यंत खाली उतरण्याचे कारण

जिनिव्हाच्या संशोधनात नवे काय आहे, ते आता कळू शकेल. एकाच जातीचे दोन जिवाणू वर्तनाने पूर्ण भिन्न असू शकतात. ई. कोलायचा एक प्रकार मुकाट राहतो, दुसरा विष बनवतो. फ्यूजोबॅक्टेरियमचा एक गट तोंडात राहतो, दुसरा गाठीत घुसतो. नमुन्यात फक्त जाती मोजल्या तर हा फरक झाकला जातो. अगदी एकेक वाण वेगळे मोजले, तर ते माणसागणिक इतके बदलतात की दोन देशांतले नमुने जुळतच नाहीत. जिनिव्हातील मीर्को ट्रायकोव्स्की यांच्या गटाने या दोहोंमधली पातळी, म्हणजे उपजात, निवडली. त्यांनी मानवी आतड्यातल्या जिवाणूंच्या उपजातींची सविस्तर सूची तयार केली आणि तिच्या आधारे संगणकाला रुग्ण आणि निरोगी यांच्यातला फरक शिकवला.

२०२५मध्येच इटलीतील निकोला सेगाता यांच्या गटाने १८ अभ्यासांतील ३,७४१ नमुने एकत्र करून असाच प्रयत्न केला. त्यांचा निकाल ०.८५ या आकड्यात मांडला गेला. त्याचा अर्थ असा, की एक रुग्ण आणि एक निरोगी अशी कोणतीही जोडी घेतली, तर शंभरातून ८५ वेळा संगणक रुग्णाला अधिक संशयास्पद ठरवतो. १ आला असता तर चूक शून्य, ०.५ आला असता तर निवड निव्वळ योगायोगाची.

नव्वद टक्क्यांचा हिशेब

‘९० टक्के रुग्ण ओळखते’ हे वाक्य ऐकून अनेकांना वाटते की चाचणीचा निकाल वाईट आला तर कर्करोग असण्याची शक्यताही ९० टक्के. असे मुळीच नाही, आणि हे समजून घेणे फार महत्त्वाचे आहे.

चाचणीला दोन गुण लागतात. ज्यांना आजार आहे त्यांना ओळखणे, ही तिची संवेदनशीलता. ज्यांना आजार नाही त्यांना विनाकारण न गोवणे, ही तिची विशिष्टता. बातमीत बहुधा पहिलाच आकडा येतो. वर सांगितलेल्या अमेरिकी अभ्यासात सुमारे १०,००० लोकांत ६५ रुग्ण होते. समजा, एखाद्या चाचणीचे दोन्ही गुण ९० टक्के आहेत. ती ६५पैकी ५८ किंवा ५९ जणांना पकडेल. पण उरलेल्या सुमारे ९,९०० निरोगी लोकांपैकी १० टक्क्यांना, म्हणजे जवळपास हजार जणांनाही ती संशयित ठरवेल. एकूण हजार-साडेदहाशे लोकांचा निकाल वाईट येईल आणि त्यांतल्या साधारण अठरा जणांमागे एकालाच कर्करोग असेल.

यावरून चाचणी निकामी ठरत नाही. १०,००० जणांची कोलोनोस्कोपी करण्याऐवजी हजार जणांची करावी लागली, तर ती मोठीच बचत आहे, आणि त्या हजारांत ज्यांना पॉलिप असतील त्यांचे ते काढलेही जातील. मात्र दोन गोष्टी पक्क्या होतात. अशी चाचणी कोलोनोस्कोपीची जागा घेत नाही, ती कोलोनोस्कोपी कोणाची आधी करावी हे ठरवते. आणि जिथे आजार मुळात कमी, तिथे हेच गणित अधिक कठीण होते. १०,००० जणांत १० रुग्ण असतील, तर ९ सापडतील आणि गोवले जाणारे मात्र तेच हजार राहतील.

आणखी एक मर्यादा आहे. संगणकाला शिकवण्यासाठी वापरलेले बरेचसे नमुने निदान झालेल्या रुग्णांचे असतात, आणि गाठ जितकी मोठी तितका जिवाणूंचा पालट ठळक. आपल्याला खरे तर पॉलिप किंवा अगदी लहान गाठ हवी आहे, आणि तिथे हा संकेत क्षीण होतो. म्हणूनच जिनिव्हाच्या गटाने तेथील विद्यापीठ रुग्णालयांसोबत पुढची चाचणी आखली, ती आजाराच्या कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या प्रकारची विकृती या पद्धतीने सापडते, हे पाहण्यासाठी.

युरोपातला निष्कर्ष आपल्याला लागू पडेल का?

हा आक्षेप रास्त आहे. आतड्यातली वस्ती आहारावर, पाण्यावर, औषधांवर आणि प्रदेशावर अवलंबून असते. भोपाळच्या आयसर संस्थेतील संशोधकांनी २०१९मध्ये भोपाळ आणि केरळ येथील ३० रुग्ण आणि ३० निरोगी व्यक्तींच्या नमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. इतर देशांत सापडणाऱ्या काही जाती इथेही होत्या, पण भारतीय रुग्णांमध्ये फ्लॅव्होनिफ्रॅक्टर प्लाउटी हा वेगळाच जिवाणू ठळकपणे पुढे आला. फळे, भाज्या, चहा यांत असणाऱ्या फ्लॅव्होनॉइड या उपयुक्त घटकांचे तो विघटन करतो. साठ जणांचा अभ्यास लहानच म्हणायचा. तरीही त्यातून एवढे निश्चित दिसते, की परदेशी नमुन्यांवर शिकलेला संगणक इथे जसाच्या तसा वापरता येणार नाही. त्याला आपल्याकडचे हजारो नमुने दाखवावे लागतील. अलेक्झांड्रोव्ह यांच्या ११ देशांतही भारत नव्हता.

आपली गरज मात्र खरी आहे. भारतात या आजाराचे वार्षिक प्रमाण लाखामागे पाचच्या आसपास, म्हणजे पाश्चात्त्य देशांच्या मानाने बरेच कमी आहे, पण लोकसंख्या एवढी मोठी की २०२२मध्ये सुमारे ७० हजार नवे रुग्ण झाल्याचा अंदाज आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील ८०० रुग्णांचा आढावा २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णांचे सरासरी वय सुमारे ४७ वर्षे होते. अमेरिकेत नियमित तपासणी सुरू करण्याचे वय ४५ आहे. आपल्या सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांसाठी तपासणी होते. आतड्याचा त्यात समावेश नाही. लाखामागे पाच रुग्णांसाठी सगळ्यांची कोलोनोस्कोपी करणे परवडणारे नाही. घरी नमुना घेऊन पाठवता येईल अशी, स्वस्त आणि गाळणी लावण्यापुरती विश्वासार्ह चाचणी खरोखर कुठे हवी असेल, तर ती आपल्यासारख्या देशात.

मग जिवाणूच मारून टाकावेत का? की दही खावे?

उंदरांवरच्या प्रयोगात मेट्रोनिडाझोल या प्रतिजैविकाने फ्यूजोबॅक्टेरियम असलेल्या गाठींची वाढ मंदावली होती, हे खरे आहे. पण हे औषध उपयुक्त जातींनाही मारते, आणि माणसांत कर्करोग टाळण्यासाठी ते घेण्याचा सल्ला कोणीही देत नाही. स्वतःहून प्रतिजैविके घेणे तर सर्वथा वर्ज्य.

दही आणि ताक हे चांगले अन्न आहे, पण त्याने कर्करोग टळतो असे सिद्ध झालेले नाही. बाजारातील प्रोबायोटिक गोळ्यांबाबत तर एक उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मन डॉक्टर आल्फ्रेड निसल यांनी जुलाबाच्या साथीत आजारी न पडलेल्या एका सैनिकाच्या शौचातून ई. कोलायचा एक वाण वेगळा केला. तो आजही काही देशांत प्रोबायोटिक म्हणून दिला जातो, आणि त्याच वाणाकडे कोलिबॅक्टिन बनवणाऱ्या जनुकांचा संच आहे. त्यावरून तो घेणाऱ्यांना कर्करोग होतो असे म्हणता येत नाही, पण ‘चांगला’ आणि ‘वाईट’ असे जिवाणूंचे दोन कप्पे करता येत नाहीत, एवढे मात्र दिसते. घरबसल्या आतड्यातल्या जिवाणूंचा आलेख काढून देणारी जी संच-विक्री इंटरनेटवर चालते, तिच्या अहवालावरून कर्करोग आहे किंवा नाही, असा कोणताच निष्कर्ष काढू नये.

ज्याला भक्कम आधार आहे ते जुनेच आहे. तंतुमय अन्न, हालचाल, वजनावर ताबा, तंबाखू आणि दारूपासून दूर राहणे. आणि सॉसेज, सलामीसारखे टिकवलेले मांस टाळणे, ज्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५मध्ये कर्करोगकारक ठरवले आहे.

तोवर काय करायचे

जिवाणूंची चाचणी प्रयोगशाळेतून दवाखान्यात येण्यापूर्वी तिला बरेच काही सिद्ध करावे लागेल. प्रत्यक्ष लोकसमूहात, लक्षणे नसलेल्या माणसांत ती ‘फिट’पेक्षा सरस ठरते का, किंवा ‘फिट’ला तिची जोड दिली तर अधिक पॉलिप सापडतात का, हे पाहावे लागेल. माझ्या मते दुसरी शक्यता अधिक जवळची आहे. २०१४मध्येच एका फ्रेंच-जर्मन अभ्यासात शौचातले रक्त आणि शौचातले जिवाणू या दोन खुणा एकत्र वाचल्यावर अधिक रुग्ण ओळखता आले होते, आणि नमुना तर दोन्हींसाठी एकच लागतो.

मात्र ज्या माणसाला लक्षणे आहेत, त्याच्यासाठी यांतल्या कशाचीही वाट पाहायची नाही. आपल्याकडे संडासवाटे रक्त गेले की ते मूळव्याधीचेच, असे घरोघरी धरून चालतात. संकोचापोटी कोणाला सांगितले जात नाही, महिनोन्‌महिने मलम किंवा घरगुती औषध चालते, आणि गुदाशयातली गाठ तेवढ्या काळात वाढत राहते. बहुतेकांचे रक्त खरोखर मूळव्याधीचेच असते, पण ते तपासूनच ठरवायला हवे, आणि गुदाशयातल्या कित्येक गाठी डॉक्टरांना नुसत्या बोटाने केलेल्या तपासणीतही कळतात. शौचाची सवय काही आठवडे बदललेली राहणे, कारण नसताना वजन उतरणे, आणि पुरुषांमध्ये किंवा पाळी थांबलेल्या स्त्रियांमध्ये लोहाच्या कमतरतेने हिमोग्लोबिन घटणे, याही डॉक्टरांकडे जाण्याच्या खुणा आहेत. अशा वेळी ‘फिट’ करावी की थेट कोलोनोस्कोपी, हे डॉक्टर ठरवतील.

ज्यांच्या आई, वडील किंवा भावंडांपैकी कोणाला हा आजार झाला आहे, त्यांनी लक्षणांचीही वाट पाहू नये. पाश्चात्त्य देशांतील मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा व्यक्तीने वयाच्या चाळिसाव्या वर्षी, किंवा त्या नातेवाइकाला ज्या वयात आजार झाला त्याच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा पहिली कोलोनोस्कोपी करून घ्यावी. वडिलांना पंचेचाळिसाव्या वर्षी निदान झाले असेल, तर मुलाची किंवा मुलीची तपासणी पस्तिसाव्या वर्षी.